धीरधऱ्यांनी निवडलेली पेटी

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, पण आमच्या ऑफिसात सगळे त्यांना धीरधरे म्हणत. कॉम्प्युटर अडकला, प्रिंटरने कागद गिळला, पडद्यावर काहीबाही अक्षरं नाचू लागली, की मागून यांचा संथ आवाज यायचा, "धीर धरा." मी त्यांच्यावर पहिल्यांदा भडकले तीही याच दोन शब्दांवरून. "धीर धरून पानं तपासून होतात का?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. ते म्हणाले, "नाही होत. पण गेलेली परत मिळतात." आणि खरंच, माझी हरवलेली चाळीस पानं त्यांनी दहा मिनिटांत परत आणून दिली. त्यानंतरही मी त्यांच्यावर ओरडत राहिले, कारण ओरडणं हा माझा स्वभाव आहे. पण मनातून मी त्यांना मानायला लागले होते.

आमचं ऑफिस अकरा माणसांचं, दिव्यांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर. यंत्रांबरोबर जी माहितीपुस्तकं येतात ती आम्ही तयार करायचो. पाण्याचा पंप, शिवणयंत्र, केस वाळवायचं मशीन, काय वाटेल ते. घेणारा माणूस खोकं फोडतो, यंत्र बाहेर काढतो आणि आमचं पुस्तक न उघडता खोक्यासकट माळ्यावर टाकून देतो. त्या पुस्तकातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासण्यात माझी एकवीस वर्षं गेली. धीरधऱ्यांची नेमणूक आकृत्या काढायला झाली होती. पण कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना हात लावायची हिंमत फक्त त्यांनीच केली, आणि मग सगळ्या वायरी त्यांच्याच गळ्यात पडल्या. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रू ड्रायव्हर. त्याने प्रत्येक शर्टाचा खिसा तळाशी फाटलेला, आणि तो दर वेळी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला.

ती शिवण वहिनींची. वहिनी म्हणजे त्यांची बायको. रोज सव्वा वाजता धीरधरे घरी फोन करायचे. आम्ही तोंडात घास धरून ऐकायचो, कारण ते संभाषण ऐकण्यासारखं असायचं. "जेवलीस? काय? बरं." संपलं. ऑफिसातल्या पोरी हसून हसून लोळायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढ्यासाठी फोन कशाला फिरवता?" तर म्हणाले, "ती सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोकांची बोलणी ऐकून कंटाळलीये. तिला लांबड आवडत नाही."

मग वहिनींना दम लागू लागला. आधी जिन्यावर, मग घरातल्या घरात, मग नुसतं बोलताना. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती आणि त्याला उतारा नव्हता. डॉक्टर म्हणाले, वर्ष काढलं तर खूप झालं. मूलबाळ नव्हतं. धीरधऱ्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यात कारण लिहिलं होतं, "घरी राहण्याची आवश्यकता." साहेब ओरडणाऱ्यांतले असले तरी माणूस वाईट नव्हते. त्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "घरून काम करा. कसं करायचं ते तुम्हीच शोधून काढा. फक्त एक लक्षात ठेवा, गिऱ्हाइकांच्या आकृत्या बाहेरच्या कुणाच्या हाती लागता कामा नयेत. लागल्या तर आपण सगळेच घरी बसू."

तेव्हा इंटरनेट असं घरोघर नव्हतं. मोबाइल आमच्यात फक्त साहेबांकडे होता आणि तोही ते खिशात न ठेवता टेबलावर मांडून ठेवत. घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं तर साध्या फोनच्या तारेवरून जावं लागायचं. ते कशाने जमेल, कुठलं यंत्र घ्यावं, याचा धीरधऱ्यांनी सहा आठवडे अभ्यास केला. दुसरा एखादा असता तर पहिल्या दिवशी मिळेल ते उचलून घरी पळाला असता. घाई त्यांनाच होती ना! पण हे गृहस्थ तीन रकाने आखून बसले: गुण, दोष, दोषावर उपाय.

स्वस्तातला मार्ग म्हणजे एका कॉम्प्युटरला साधा मोडेम जोडायचा, तो दिवसभर चालू ठेवायचा आणि घरून फोन लावून आत शिरायचं. पण ज्याला नंबर कळेल आणि परवलीचा शब्द सापडेल असा कुणीही आत शिरणार. त्यावर धीरधऱ्यांनी काट मारली. मग एक विक्रेता आला, टाय लावून. त्याने आठ लाइनींचं, छोट्या कपाटाएवढं यंत्र साहेबांच्या गळ्यात मारायचा चंग बांधला होता. "उद्या तुमचं ऑफिस वाढलं तर?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. धीरधरे म्हणाले, "वाढलं तर तुम्हालाच बोलावू. आज दोघांनाच घरून काम करायचंय." त्या दोघांतली दुसरी मी. माझ्या गुडघ्यांनी तीन मजल्यांपुढे हात टेकले होते.

शेवटी राहिली ती चपलांच्या खोक्याएवढी करडी पेटी. दोन लाइनी, पुढे दोन हिरवे दिवे. तिची एक खोड होती आणि त्या खोडीसाठीच धीरधऱ्यांना ती आवडली. तुम्ही घरून फोन लावायचा, नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा, की ती फोन ठेवून द्यायची. मग तिच्यात तुमच्या नावापुढे जो घरचा नंबर लिहिलेला असेल त्यावर ती स्वतः उलटा फोन करायची. चोराने परवलीचा शब्द पळवला तरी उपयोग शून्य, कारण पेटी फोन करणार तो तुमच्याच घरी.

आठवडाभर वापरून बघायला म्हणून पेटी मिळाली, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, त्यातली बाहेरची आता वहिनींची. खिडकीशी पलंग, पलंगाच्या उशाला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि फोन. वहिनी तीन उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा पार उतरलेला, पण जीभ जागेवर होती.

"या, बसा. तुमच्याबद्दल ऐकलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यावर ओरडणाऱ्या त्या तुम्हीच ना? ओरडत जा. मला आता दम पुरत नाही."

धीरधऱ्यांनी नंबर फिरवला. मोडेम किंचाळला, घासल्यासारखा आवाज झाला, मग सगळं थांबलं. क्षणभराने फोन उलटा वाजला आणि पुन्हा तेच. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. "अजून नाही... अजून नाही... हां, लागला," त्या म्हणाल्या, आणि त्याच क्षणी पडद्यावर ऑफिसच्या फायली उमटल्या. मी थक्कच झाले. त्या हसून म्हणाल्या, "हीच घ्या म्हटलं ह्यांना. आम्ही दुसरं काय करत होतो? लांबचा कॉल मागणाऱ्याला आधी उलटा फोन करायचा, माणूस खरा आहे ना बघायचं, मग लाइन जोडायची. हे मला मागणी घालायला आले तेव्हाही खिशात यादी घेऊन आले होते, माझे गुणदोष लिहून. दोषांचा रकाना मला अजून दाखवलेला नाही."

"तो कोराच होता," धीरधरे पडद्याकडे बघत म्हणाले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, आपण नको तिथे बसलोय असं झालं.

पेटीच्या दोषांचा रकाना मात्र कोरा नव्हता. साहेबांना दिलेल्या कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "घरी फोनची लाइन एकच. जोडणी चालू असेपर्यंत बाहेरून कुणी फोन केल्यास एंगेज लागेल." दुसऱ्या लाइनीसाठी अर्ज केला होता, पण ती मिळायला वर्ष लागलं असतं. उपायाच्या रकान्यात होतं, "पंधरा मिनिटं काही टाइप न झाल्यास पेटी जोडणी आपोआप तोडते." त्याला आम्ही टायमर म्हणायला लागलो. साहेबांनी सही केली आणि पेटी आली.

धीरधरे घरी बसले. वहिनींना औषध, वाफ, पेज, मध्येच पाठीला तेल, आणि उरलेल्या वेळात पंपाच्या आकृत्या. काम मात्र एक दिवस उशिरा आलं नाही. पहिल्या चार महिन्यांत त्यांनी जेवढं काम उपसलं तेवढं ऑफिसात बसून दोन माणसांनी केलं नसतं. आठवड्यातून एकदा येऊन ते पेटीवरची धूळ पुसून जायचे. चेहऱ्यावर चक्क तेज आलं होतं. "बरं चाललंय का वहिनींचं?" असं विचारलं की म्हणायचे, "बरं नाही. पण मी आहे तिथे." त्यांना एवढंच हवं होतं. वहिनींचे उरलेले दिवस त्यांच्यासोबत काढायचे आणि जायच्या वेळी जवळ असायचं. बाकी त्यांनी आयुष्याकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

माझं मात्र त्या टायमरशी जमेना. मी एक वाक्य दहादा वाचणारी बाई. विचार करताना माझी बोटं हलत नाहीत. पंधरा मिनिटं झाली की खट्, जोडणी तुटली. पुन्हा फोन, पुन्हा ते किंचाळणं. एका दुपारी तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी धीरधऱ्यांच्या घरी फोन लावला तर एंगेज, म्हणून आणखी फिरलं. तासाभराने लागला तेव्हा मी तोफ डागली, "अहो, मी गप्प बसले की तुमच्या पेटीला वाटतं मी मेले! काढून टाका तो टायमर, नाहीतर मी लाल पेन ठेवते खाली!"

"धीर धरा," ते म्हणाले. मग, "काढतो. पण काम संपलं की आठवणीने तोडत जा." दुसऱ्या दिवसापासून तुटणं बंद झालं. मी खूश.

सातव्या महिन्यात वहिनींना दवाखान्यात न्यावं लागलं. दवाखाना त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होता. तिथे भेटायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात. मधल्या वेळेत धीरधरे घरी येऊन काम करायचे. नर्सला त्यांनी कागदावर दोन नंबर लिहून दिले होते, आधी घरचा, खाली ऑफिसचा, आणि तोंडी सांगितलं होतं, "दुपारी मी घरीच असतो. फोन हाताशीच आहे. पहिल्या रिंगला उचलेन."

चौथ्या दिवशी मी ऑफिसात होते, कारण गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाता जाता पानं द्यायला थांबले होते. पावणेतीनच्या सुमारास फोन वाजला. मीच जवळ होते.

"दवाखान्यातून बोलतेय. त्या दम लागणाऱ्या बाईंच्या मिस्टरांना निरोप द्यायचाय," नर्स म्हणाली. आवाजात घाई होती. "घरचा फोन दीड तास लावतेय. सारखा एंगेज येतोय, आणि पाठवायला इथे माणूस नाही, म्हणून शेवटी हा खालचा नंबर लावला. त्या त्यांना बोलावतायत. अहो, लवकर पाठवा त्यांना."

मी पेटीकडे बघितलं. डावीकडचा दिवा हिरवागार, न लुकलुकता जळत होता. ती धीरधऱ्यांची लाइन. क्षणात माझ्या लक्षात आलं. त्यांच्या घरचा फोन आमच्याच पेटीने धरून ठेवला होता. पेटीला कुणी हात लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता, पण मी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवा गेला. मी त्यांचा नंबर फिरवला. पहिल्यांदा एंगेज. दुसऱ्यांदा रिंग गेली, आणि पहिल्याच रिंगला त्यांनी फोन उचलला.

"अहो, पेटी बंद पडली वाटतं," माझा आवाज ऐकताच तेच म्हणाले. "काही नाही, मी काम कधीच संपवलंय. तिचा गाऊन इस्त्री करत होतो, चारला न्यायला."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. फोन खाली आपटल्याचा आवाज तेवढा आठवतो. ते धावत गेले असणार, पाच मिनिटंही लागली नसतील. पण वहिनींचं बोलणं तोवर थांबलं होतं. ते पोचले तेव्हा डोळे मिटलेले होते, आणि ते पुन्हा उघडले नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या. नर्सने धीरधऱ्यांना नंतर सांगितलं, की दीड तास त्या एकच विचारत होत्या, "लागला का फोन?"

तीन आठवड्यांनी धीरधरे कामावर आले. खिसा फाटलेला होता आणि शिवलेला नव्हता. कुणी जवळ गेलं तर मान हलवायचे. सगळे घरी जाईपर्यंत मी थांबले. टायमर चालू असता तर काम थांबल्यावर पंधरा मिनिटांत जोडणी तुटली असती आणि नर्सचा पहिलाच फोन त्यांना मिळाला असता. आणि टायमर मी भांडून काढायला लावला होता. हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

मी त्यांच्या टेबलासमोर बसले आणि सगळं बोलून टाकलं. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा रडले. म्हटलं, "मला शिव्या द्या. पण काहीतरी बोला."

ते उठले, पेटीशी जोडलेला कॉम्प्युटर सुरू केला आणि एक पान उघडलं. कोण कधी जोडलं गेलं, कधी तुटलं, पेटीत कधी काय बदल केला, याची नोंद पेटी आपणहून ठेवत असे. मला हे माहीतच नव्हतं.

"टायमर दोन्ही लाइनींना वेगवेगळा असतो," ते म्हणाले. "ही तुमची लाइन. तुम्ही ओरडलात त्या रात्री बंद केला, ही तारीख. आणि ही माझी. बघा."

मी चष्मा पुसून वाचलं. त्यांच्या लाइनीचा टायमर माझ्या भांडणाच्या दोन महिने आधी बंद केलेला होता.

"दुपारी तिला झोप लागायची नाही," ते म्हणाले. "माझा हात धरला की लागायची. मग मी तसाच बसून पडद्यावर वाचत राहायचो. टाइप कसं करणार? पंधरा मिनिटांत तुटायचं. पुन्हा जोडायचं तर हात सोडवून घ्यायला लागायचा, आणि वर तो मोडेमचा आवाज. ती दचकून उठायची. म्हणून मी काढून टाकला." त्यांनी ते पान बंद केलं. "तोडायची आठवण मी तुम्हाला दिली. स्वतः विसरलो. तुमचा यात काही संबंध नाही. जा घरी."

मला हलकं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटलं, मी पदराने डोळे पुसले आणि पर्स उचलून जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की तो धोंडा काही हवेत विरला नव्हता. मी वर होते तोवर अर्धा दोष माझा होता. आता तो सगळाच्या सगळा त्यांच्याकडे राहिला होता, आणि त्यांना त्याबद्दल एक शब्दही न बोलता मी निघाले होते.

जिन्यात मी बराच वेळ उभी राहिले. वर त्यांच्या खुर्चीचा आवाज येत होता. परत वर जाऊन म्हणायला हवं होतं, की मीही भांडलेच होते ना, थोडा माझ्याकडे राहू द्या. गुडघे दुखतायत असं मी स्वतःला सांगितलं आणि खाली उतरले. धीरधरे त्यानंतर पाच वर्षं रोज ऑफिसला येत राहिले, घरून त्यांनी एकदाही जोडणी केली नाही, आणि मी ते कधीच म्हटलं नाही.